एका टाइमाले एकच

कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान असलं की दोन गोष्टी न मागता साचतात, धूळ आणि किस्से. धूळ मी ब्लोअरनं उडवतो. किस्से राहतात, आणि आमच्या बालाघाटच्या दुकानातले निम्मे एकट्या दिलीपभाऊंचे आहेत.

भाऊ मलाजखंडच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होते. रिटायर होऊन इकडे आले, एक दिवस कॉम्प्युटरचा पंखा घ्यायला दुकानात शिरले आणि समोरच्या स्टुलावर बसले ते बसलेच. त्यांना नाद एकच, ओव्हरक्लॉकिंगचा. म्हणजे प्रोसेसरला कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं, पण तो तापायला नको, मधेच बंद पडायला नको.

मी एकदा घाईत वेग वाढवला आणि त्याच दमात व्होल्टेजही वाढवलं. स्क्रीन निळी पडली, कॉम्प्युटर बंद. भाऊ रागावले नाहीत. आपलं नेहमीचं वाक्य म्हणाले, "नंदू, एका टाइमाले एकच. दोन गोष्टी बदलवल्या तं बिघडलं कशानं, कसं समजन?"

त्यांची एक रेघा मारलेली कॉपी, म्हणजे वही, होती. वेग एक पायरी वाढवायचा, तासन् तास टेस्ट लावायची, तापमान बघायचं आणि तारीख टाकून लिहायचं, पास की फेल. फेल तर एक पायरी मागं.

*

वारासिवनीचे एक राइस मिलवाले सेठ कॉम्प्युटर घेऊन आले. "फुल कर दो भाऊ, जितना भागता है उतना भगाओ."

"सेठ, भात फुल आंच पर पकाते हो क्या?"

"भात तो घरवाली पकाती है."

"तो फिर ये हमको पकाने दो."

सेठ दोन दिवस फोन करत राहिले. भाऊ दर वेळी एवढंच सांगायचे, "अभी सीटी नहीं आई."

*

शकुनवहिनी, भाऊंच्या मिसेस, दुपारी डबा घेऊन यायच्या. त्यांच्या बोलण्यापुढं दुकानात कुणाची डाळ शिजत नसे.

एकदा मी प्रोसेसरवर थर्मल पेस्ट लावत होतो. उष्णता वर कूलरमध्ये जावी म्हणून ही पेस्ट लावतात. मी जरा सढळ हातानं लावत होतो. वहिनींनी वाकून पाहिलं.

"का जी नंदूभाऊ, पानाले चुना लावून राह्यले का भिंतीले?"

भाऊ म्हणाले, "पाह्य, हिले कोणी शिकवलं नाई, तरी समजते." तेव्हापासून आमच्याकडं पेस्ट पानाच्या चुन्याइतकीच लागते.

*

जानेवारीत दिवसभर टेस्ट पास झालेली मशीन मे महिन्यात दहा मिनिटांत झोपली. भाऊंनी निमूटपणे दोन पायऱ्या खाली आणली. म्हणाले, "थंडीतल्या पासाले काही अर्थ नाई. खरी परीक्षा मे महिन्यात."

वहिनी डबा उघडत, भाऊंकडं बघून म्हणाल्या, "माणसाचंबी तसंच आहे. यायले मी थंडीत पाहूनच हौ म्हटलं होतं."

*

मग वहिनींना लकवा मारला. हातपाय हळूहळू सुधारले, उजवा हात तेवढा राहिला. पण वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, रोज बोलायला लावा, किती परत येईल ते सांगता येत नाही. भाऊंचं स्टूल महिनाभर रिकामं राहिलं. मला दुकानात करमेना, म्हणून घरी गेलो.

भाऊ स्वतःच्या कॉम्प्युटरसमोर बसून सेटिंग काढत होते. सात महिने खपून केलेलं सेटिंग. वेग कंपनीच्या आकड्याच्याही खाली आणून ठेवला.

"काहून जी भाऊ?"

"याच्यावरच तिले चित्रं दाखवतो, नावं म्हणवून घेतो. वेग जास्त असला तं पंखा लय घरघर करते रे. तिचा आवाज बारीक झाला, त्याच्यात बुडून जाते."

शेजारी तीच कॉपी होती, नवं पान. पाणी, पास. चहा, पास. खाली लिहिलं होतं, दिलीप, फेल.

मी बघतोय म्हणून भाऊ म्हणाले, "तसं तं लग्नापासून तिनं कधी नाव घेतलंच नाई."

*

गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो. तोवर सुटे शब्द येत होते. दोन शब्द जोडून अजून एकदाही निघाले नव्हते, आणि ते कधी निघतील की नाही याच काळजीनं भाऊ वाळले होते.

मला पाहून त्यांना चेव आला. "म्हन, नंदूभाऊ आले, बसा, चहा घ्या."

वहिनी "नं" म्हणाल्या आणि अडकल्या. भाऊंनी आवाज चढवला. मग वाक्य बदललं, "बरं, कसे आहा, म्हन." मग स्क्रीनवरचं चित्रही बदललं. वहिनींच्या कपाळावर घाम आला, डोळे भरले. मला तिथं बसवेना.

वहिनींनी डावा हात उचलला आणि भाऊंच्या कॉपीवर ठेवला. वहिनींचे ओठ बराच वेळ नुसते हलत राहिले.

"एका... टाइमाले... एकच."

पंख्याची घरघर नव्हती, म्हणून आम्हा दोघांनाही नीट ऐकू आलं.

भाऊंनी हळूच त्यांच्या हाताखालून कॉपी ओढली, पेनाचं टोपण काढलं.

"नंदू," ते म्हणाले, "आज तारीख काय आहे रे?"