लिंबटाकळीचं एक मत

आमच्या ह्यांचं डिपॉझिट पहिल्यांदा जप्त झालं तेव्हा आमची मंजुषा पाळण्यात होती. आता मंजुषाचं लेकरू पाळण्यात आहे आणि ह्यांचं डिपॉझिट अजून जप्तच होतंय. दर पाच वर्षांनी माणूस आमदारकीला उभा राहतो, पडतो, आणि दुसऱ्या दिवशी दाढी करून लोकांचे आभार मानायला निघतो. हरलेला माणूस आभार मानतो, ऐकलंय का कुठं? पदरी पडलं पवित्र झालं म्हणतात. म्हणू द्या. मी तर रोज भांडते.

गाव त्यांना सांडूभाऊ म्हणतं. गाव म्हणजे लिंबटाकळी, बिडकीनच्या पुढं, पैठणच्या रस्त्यानं जाताना आत वळायचं. पण पोटासाठी आम्ही शहरात राहिलो. हे चिकलठाण्याला एका कंपनीत फिटर, आणि मी मुकुंदवाडीत स्टेशनाजवळच्या खोलीत शिलाई मशीनवर. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. एकदा कंपनीनं ह्यांच्यासकट बऱ्याच जणांना कामावरून काढलं. तेव्हा वकील मधुसूदनराव कोर्टात उभे राहिले, फी तर सोडाच, चहासुद्धा घेतला नाही, आणि ह्यांना परत कामावर घ्यायला लावलं. त्या दिवसापासून वकीलसाहेबांचा शब्द म्हणजे ह्यांच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

वकीलसाहेबांचा एक पक्ष होता, मराठवाडा कष्टकरी दल. पक्ष म्हणजे औरंगपुऱ्यात एका दुकानाच्या डोक्यावर खोली, एक झेंडा, आणि सगळे मिळून एका रिक्षात मावतील एवढे कार्यकर्ते. त्यांनी विचारलं, "सांडू, पैठणमधून उभा राहशील का?" हे म्हणले, राहतो. घरी येऊन मला असं सांगितलं, जसं काही निवडूनच आले!

मी लिंबटाकळीत सून म्हणून आले तेव्हा हंडा डोक्यावर घेऊन पार मळ्यातल्या विहिरीवर जावं लागायचं. जायकवाडीचं पाणी आमच्या अंगावरून शहराला जातं, आणि आम्हाला टँकर. धरण उशाला अन् कोरड घशाला. ह्यांचं भाषण म्हणजे तेवढंच. "लिंबटाकळीला नळ पाहिजे." त्यापुढं ह्यांना एक वाक्य येत नाही. पैठणच्या लोकांनी लिंबटाकळीच्या नळासाठी मत का द्यावं, हे मी विचारायची, तर म्हणायचे, "अगं, एका गावाला आला की दुसऱ्याला येतोच."

प्रचार एसटीनं. काखेत भोंगा, खांद्याला पिशवी, पिशवीत पत्रकं आणि माझ्या हातचे धपाटे. पक्ष इतका लहान की दर निवडणुकीला निशाणी वेगळी मिळायची. एकदा बादली मिळाली. एकदा खाट. खाटेच्या वेळी पोरं रस्त्यात ओरडायची, "सांडूभाऊ, झोपा आता!" हे हसून हात जोडायचे. मला मात्र तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि लिंबटाकळी? काय सांगू. उमेदवार दारात आला की बायकांनी ओवाळायचं, ही गावची रीत. कोणत्या का पक्षाचा असेना, कुंकू लावायचं, डोक्यावर तांदूळ टाकायचे. ह्यांना तर घरचं माणूस म्हणून जास्तच. कपाळ लाल व्हायचं, चहा पिऊन पिऊन पोट डबडबायचं. म्हातारी भामाबाई तर दर वेळी ह्यांच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायची आणि म्हणायची, "लेकरा, तुझ्यासारखा माणूस नाय. पर मत तुला दिलं तर वाया जातंय ना रे." सगळ्यांचं तेच. जीव द्यायला तयार, मत द्यायला नाही. मतमोजणीला आमच्या गावच्या पेटीतून कधी पाच निघायची, कधी सात. सख्खा भाऊ बद्रीनाथ, तोसुद्धा ट्रॅक्टरला दुसऱ्याचा झेंडा लावून फिरायचा. घरचाच माणूस असा, तर गावाला काय बोलायचं?

मागच्या खेपेला पारावर कुणीतरी चेष्टेत विचारलं, "सांडूभाऊ, निदान तुमचं मत तरी तुम्हाला पडतंय का?" सगळे हसले. हे नाही हसले. कारण खरंच पडत नव्हतं. आमची नावं मुकुंदवाडीच्या यादीत, म्हणजे शहराच्या मतदारसंघात. उभं राहायचं पैठणमधून आणि मत द्यायचं शहरात, भलत्याच कुणाला. कायद्याला चालतं म्हणे ते. इतक्या निवडणुका लढलेल्या माणसानं स्वतःचं नाव मशीनवर कधी बघितलं नव्हतं, हे माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला. जेवताना घास हातात धरून बोलायचे. "वच्छले, आपल्या गावची शाळा. आपण लायनीत उभं राहायचं. आत जाऊन आपल्या नावापुढचं बटण दाबायचं. लाल दिवा लागतो. मग बाजूच्या काचेत आपल्या नावाची चिठ्ठी येती, थोडा वेळ थांबती, अन् खाली पडती." मी म्हणायची, "भाजी गार होतेय." पण मलाही आतून वाटायला लागलं होतं. आमदार व्हायची हौस या माणसाला कधी नव्हतीच. आपल्या गावात, आपल्या हातानं, आपल्या नावाला एक मत द्यायचं, एवढंच मागणं. आणि तेवढंही देवाला जड व्हावं?

कंपनीतून निवृत्त झाल्यावर आम्ही गावाला बद्रीनाथच्या शेताच्या कडेला दोन पत्र्याच्या खोल्या टाकल्या आणि राहायला आलो. मतदार यादीत नावं इकडं आणली. दोन हजार चोवीसची निवडणूक लागली, ह्यांनी फॉर्म भरला, आणि निशाणी मिळाली शिलाई मशीन! अगं बाई, मला हसावं की रडावं कळेना. जिच्यावर मी घर ओढलं, तीच. मतदानाच्या मशीनवर उमेदवाराचा फोटोही असतो आता. त्यासाठी हे बिडकीनच्या स्टुडिओत गेले, मीच टोपी नीट करून दिली. म्हणले, "हसू का नको?" मी म्हणलं, "हसा. तुमचं तोंड तेवढंच बरं दिसतं."

मतदानाला आठवडा राहिला असताना वकीलसाहेब दारात आले. थकलेत आता, काठी लागते. चहाचा कप हातात धरून बसले, पिईनात. मग म्हणले, "सांडू, आपण मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला पाठिंबा जाहीर करतोय. तुमच्या गावाच्या नळाचा शब्द दिलाय त्यांनी. निवडणुकीनंतर आपला पक्षही त्यांच्यातच विलीन करायचा. माझ्यानं आता होत नाही रे."

हे म्हणले, "मग माझं नाव?"

"नाव मशीनवर राहील. माघारीची तारीख गेली. पण आपण लोकांना सांगायचं, तिकडं द्या."

ह्यांनी घसरलेली काठी उचलून वकीलसाहेबांच्या हाताशी ठेवली. मग म्हणले, "बरं."

बरं! मी आतून ताट आपटलं. वकीलसाहेबांना ऐकू जाईल असंच आपटलं. हीच शेवटची खेप होती. यापुढं पक्षच नाही तर उमेदवारी कुठली? आणि हा माणूस दुसऱ्या दिवशी भोंगा घेऊन निघाला. उभा राहिलेला माणूस गावोगाव हात जोडून सांगतोय, "मला देऊ नका." लोक पोट धरधरून हसले. हे लिंबटाकळीतही घरोघर गेले. बायकांनी तरी ओवाळलंच, रीत ती रीत. शेवटी मलाही म्हणले, "वच्छले, तूसुद्धा." मी कणीक मळत होते. ती अजून जोरात मळली.

मतदानाच्या दिवशी ह्यांनी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. शाळेत बायकांची आणि बाप्यांची लाईन वेगळी, पण आम्ही दोघं जवळपास एकदमच दाराशी पोहोचलो. हे आधी आत गेले. पुठ्ठ्याच्या आडोशामागं उभे राहिले, आणि उभेच राहिले. मत पडल्याचा मशीनचा आवाज येईना. मागची माणसं चुळबूळ करायला लागली. कर्मचारी म्हणला, "काका, दाबलं का?" तरी गप्प. मग एकदाचा तो लांब आवाज आला. हे बाहेर पडले, माझ्याकडं बघितलं नाही, सरळ निघून गेले. माझ्या काळजात लख्ख उजाडलं. म्हणलं, झालं! दिलं माझ्या राजानं स्वतःला. लाजून पळाला.

मग मी गेले. फोटोत हे हसतच होते. मी बटण दाबलं.

घरी आलो तरी मी काही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मनात मी धरूनच चालले होते की आमच्या पेटीत दोन मतं आहेत. बाकी कुणी देवो न देवो, दोन आहेत.

मोजणीच्या दिवशी हे सकाळीच गेले. नाव अजून उमेदवाराचं, त्यामुळं आत बसता येतं. दुपारी परत आले ते जवळजवळ पळतच. निवडून कोण आलं, हेही सांगितलं नाही.

"वच्छले! आपल्या पेटीतून एक निघालं!"

"एक?"

"एक! मी दारोदार नको म्हणत फिरलो, तरी एकानं दिलंच बघ!"

एक. म्हणजे आडोशामागं एवढा वेळ उभं राहून या माणसानं काय केलं, ते मला तिथल्या तिथं कळलं. असा राग आला, असा राग आला, की वरवंटा घेऊन कपाळात घालावा, त्यांच्या नाही तर माझ्या. पण ते लहान पोरासारखे खुश होते. म्हणत होते, "कोण असंल गं?" मी सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा जाईना.

दुसऱ्या दिवशी दाढी केली आणि आभाराला निघाले. एका मताचे आभार. कुणाचं ते माहीत नाही, म्हणून सगळ्या घरांना जायचं. आणि आमचं गाव काही कमी आहे का? पहिल्याच घरात सांगितलं, "भाऊ, आम्हीच दिलं." दुसऱ्यात तेच. भामाबाईनं तर गळ्याची शपथ घेतली. बद्रीनाथसुद्धा ट्रॅक्टर थांबवून म्हणला, "दादा, रक्ताचं नातं हाय, दुसऱ्याला कसं देईन?" मी दारात मशीन घेऊन बसले होते, येणारा जाणारा मला हे सांगत होता. दुपारपर्यंत त्या एका मताला अर्धं गाव मालक झालं.

उन्हं कलली तेव्हा हे परत आले. आत आले नाहीत. उंबऱ्याच्या बाहेर थांबले, टोपी काढली, आणि मला हात जोडले.

"हे काय नाटक?"

"एक घर राहिलं होतं."

मी मशीन थांबवली.

"सगळं गाव सांगतंय, आम्हीच दिलं," हे म्हणले. "ज्यानं खरंच दिलं, तो कशाला सांगत बसंल? न बोललेलं घर हे एकच."

मग मात्र माझ्या तोंडाला धरबंध राहिला नाही. "अन् तुमचं? तुमचं कुठं गेलं? जेवणाचा घास गार करकरून ज्याचं गाणं गायलं, ते कुठं गेलं? समोर फोटो, समोर नाव, अन् दुसऱ्याला देऊन आलात? मेलं तुमच्या शिस्तीला काय चाटायचंय!" म्हणता म्हणता मला रडूच फुटलं.

हे उंबऱ्यावर बसले. टोपी मांडीवर ठेवली.

"बोट ठेवलं होतं गं. लई वेळ ठेवलं होतं. पर सगळ्यांना नको म्हणत फिरायचं अन् चोरून आपणच घ्यायचं, हे नाय जमलं. वकीलसाहेबांनी कधी मला फसवलं नाय. अन् नळ आला, तर तोंड उघडून पाणी कसं पिऊ?"

रस्त्यानं कापसाची गाडी गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत हे तिच्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "वच्छले, काचेत चिठ्ठी आली होती का?"

"आली होती."

"माझ्या नावाची?"

"मग काय शेजाऱ्याच्या? सांडू कडूबा गवारे. नीट लिहिलेलं." लग्नानंतर उखाण्यातच घेतलं असेल, तेवढंच ते नाव माझ्या तोंडून गेलं होतं. "खाली शिलाई मशीन. माझ्या मशीनसारखीच, पायानं चालवायची."

"अन् दिवा?"

"लागला ना. लाल. तुमच्या फोटोच्या शेजारी."

"चिठ्ठी लगेच पडली?"

"नाही. थांबली थोडी. मी वाचेपर्यंत थांबली. मग पडली."

हे मान हलवत राहिले. टोपीची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"पुन्हा एकदा सांग," म्हणले. मी डोळे पुसले आणि लायनीपासून सुरुवात केली.