बाराव्या मजल्याची अवज्ञा मोहीम

दिव्याहून ठाकुर्लीला येऊन विमलाबाई पोळ्या लाटतात दोनच घरच्या, पण तोरा असा की अख्खी बिल्डिंग त्यांच्याच हातचं खाते. त्या तोऱ्याला धक्का दिला सोसायटीने. मीटिंगमध्ये हात वर करून ठराव झाला: कामवाल्यांनी गळ्यात पास घालायचा आणि सामानाच्या लिफ्टनेच जायचं. ती लिफ्ट पंधरा दिवस बंद. पुढच्या दोन लिफ्ट रिकाम्या वरखाली करत, आणि विमलाबाई साठीतले गुडघे घेऊन बारा मजले चढत. ब्र काढला तर काम जाणार, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी बाराव्या मजल्यावरच्या मालकीण आसावरीची मुलगी कादंबरी ओट्याला टेकून परीक्षेचं पाठ करत होती. दक्षिण आफ्रिका, वर्णभेद.

"पास कायदे. काळ्या माणसाने गोऱ्यांच्या भागात पासाशिवाय फिरायचं नाही. आफ्रिकन नॅशनल काँग्रेस, त्याविरुद्ध लढणारी संघटना. अवज्ञा मोहीम, म्हणजे गोऱ्यांसाठी राखलेल्या दारातून मुद्दाम आत शिरायचं. पकडलं तर पकडलं."

लाटणं थांबलं. "बाया होत्या का गं त्यात?"

"छप्पन साली वीस हजार गेलेल्या, मावशी. सरकारच्या दारात अर्धा तास गप्प उभ्या."

वीस हजार बाया आणि गप्प! विमलाबाईंना ते पटेना.

"आणि ही ब्लॅक सॅश. गोऱ्या बायका. काळा पट्टा बांधून आपल्याच सरकारविरुद्ध उभ्या राहायच्या."

"म्हणजे मालकिणी?"

"तसंच."

विमलाबाईंनी हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसलेल्या आसावरीकडे पाहिलं आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

सोमवारी सकाळी साडेसातला, ऐन डब्यांच्या वेळी, पुढच्या लिफ्टसमोर चौदा बाया उभ्या राहिल्या. तोंडातून अक्षर नाही. सेक्रेटरी सलिलराव तावातावाने खाली आले. "सगळ्यांचे पास रद्द करीन."

विमलाबाईंनी गळ्यातला पास काढून वॉचमनच्या टेबलावर ठेवला. मागून तेरा पडले. सलिलरावांची भांडी घासणारी चित्रा त्यांत होती, हे बघून त्यांचा आवाज खाली आला.

अर्धा तास झाला. पुढची लिफ्ट उघडली आणि डब्याच्या काळजीने खाली आलेली आसावरी आतच उभी राहिली. विमलाबाई आत शिरल्या, त्यांनी बाराचं बटण दाबलं. कोणी अडवलं नाही.

"मावशी, पोळ्यांचं..."

"वहिनी, मीटिंगला तुम्ही हात वर केलेला?"

आसावरीने मजल्यांच्या आकड्यांकडे पाहिलं. सहा. सात. "केला होता."

"मग संध्याकाळी मीटिंग बोलवा, आणि सगळ्यांसमोर चुकले म्हणा. तोवर पोळ्या तुमच्या तुम्ही लाटा."

"मग वर कशाला येताय?"

"लिफ्टने यायला," विमलाबाई म्हणाल्या.