सकाळच्या सुया

नौपाड्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी चष्म्याचा नंबर काढायला गेलो होतो. शेजारी साठीच्या एक बाई सुनेसोबत बसल्या होत्या. त्या दिवा स्टेशनजवळ राहायच्या आणि घरी साड्यांना फॉल लावायच्या. जवळचा चष्मा त्यांना जमत नव्हता. मान खाली घातली की तो नाकावरून घसरायचा. म्हणून सून रोज कामाला निघण्याआधी जवळ बसून सुया ओवून ठेवायची. त्या संपल्या की काम थांबायचं.

डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली होती. त्यानंतर एक डोळा लांबचं बघणार होता, दुसरा जवळचं. ते सोसेल का हे कळावं म्हणून एका डोळ्यात तात्पुरती लेन्स घालून त्यांना बाहेर बसवलं होतं. त्या आळीपाळीने एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर आणि स्वतःची बोटं पाहत होत्या. मग त्यांनी पिशवीतून सुई काढली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि पहिल्याच खेपेला ओवलं.

"सुटले बाई मी!" सून हसली. "करून टाका ऑपरेशन, आई."

बाई सुईकडे पाहत राहिल्या. "मग सकाळी बसशील का माझ्याजवळ?"

"बसायला सुया कशाला लागतात?"

"आजवर त्यांच्याशिवाय बसली नाहीस गं."

सुनेने हातातला फोन पर्समध्ये टाकला. "उद्या बसते."

बाईंनी ओवलेली सुई पदराला टोचून ठेवली.

"बस उद्या. परवा डॉक्टरांना हो सांगते."