उखर्डू वेताळाने नापास केलेलं भूत

साक्रीच्या अंगाला आमचं गाव. तिथल्या उखर्डूला सकाळी भेटलात, तर तो पिठाच्या चक्कीवर भुवयांपर्यंत पांढरा झालेला दिसेल आणि कुणा बाईशी हुज्जत घालत असेल, "वहिनी, ज्वारीत खडे तुम्ही आणता, अन् बदनाम माझी चक्की." पण उन्हाळ्यात आमच्याकडे भोवाडा असतो. लाकडी मुखवटे लावून देवादैत्यांची सोंगं नाचवतात. तेव्हा हाच उखर्डू वेताळ होतो. त्याला बघून ज्यांनी लहानपणी चड्ड्या ओल्या केल्या, त्यातले दोघे आज ग्रामपंचायतीत आहेत. नावं सांगत नाही, माझ्या दुकानात उधारीशिवाय माल घेणारे तेवढेच.

यंदा त्याचे गुडघे कुरकुरायला लागले. सोंग शेवटचं, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि ते चार वर्षांच्या नातीनं, चिमीनं, बघावं एवढीच इच्छा धरली. चिमीनं भोवाडा कधी पाहिलाच नव्हता. कारण सून, डिंपल. पोरगी गुणी आहे, सासऱ्याच्या चहात साखर कमी घालते एवढाच काय तो दोष. पण पोर घाबरेल म्हणून दरवर्षी नको म्हणायची.

गुडघे दाखवायला उखर्डू धुळ्याला मुलाकडे, नवीनकडे, गेला, तर तिथं वेगळाच वाद पेटलेला. चिमीला मैत्रीण बघते ते हॅलोविनचं, म्हणजे परदेशातल्या भुतांच्या सणाचं, कार्टून बघायचं होतं. त्यात डोळे कोरलेलं गंगाफळ (तुमचा लाल भोपळा), झाडूवर बसून उडणारी म्हातारी आणि एक पांढरं भूत.

"अगं, पोरांसाठीच बनवलंय ते," नवीन म्हणाला.

"बनवणारे येणारेत का रात्री तिला झोपवायला?" डिंपल.

नवीननं बापाला मध्ये ओढलं. "आबा, पोरांना घाबरवण्यात तुमची हयात गेली. तुम्हीच बघा अन् सांगा."

"चालेल," डिंपल हसली. "आबा म्हणतील ते. पण कार्टून नको ठरलं, तर भोवाडाही नको. भूत ते भूत."

आता आली का पंचाईत! न्याय करणाऱ्याचाच खटला. कार्टून चांगलं म्हटलं की नात भोवाड्याला येणार. मी असतो तर न बघताच मान डोलावली असती.

उखर्डू चिमीला मांडीवर घेऊन बसला. गंगाफळ आलं, चिमी हसली. म्हातारी उडाली, तर म्हणाली, "आबा, ही पडेल." मग भूत आलं. चिमीनं त्याच्याकडे बोट दाखवलं. विचारते, "आबा, ह्याच्या आत कोण आहे?"

आमच्या गावातली पोरं हेच विचारतात. भोवाड्याच्या दिवशी दुपारी सोंगं घेणारे मुखवटे मांडीवर घेऊन चौकात बसतात. लहान पोरांनी यायचं, दात चाचपायचे, कान ओढायचे, आत कोण ते विचारून घ्यायचं. दिवाळीला चिमी गावी आली की उखर्डू तिच्यापुढे मुखवटा लावायचा, काढायचा. म्हणून सवयीनं ओळखीचं एक नाव त्याच्या तोंडून गेलं, "मोतीलाल शे."

शे म्हणजे आहे, अन् मोतीलाल म्हणजे मी. गावी आली की चिमीला लिंबाच्या गोळ्या देणारा.

झालं! पोर वाट बघत बसली, मोतीलाल नाना मुखवटा कधी काढतो. भूत नाचलं, गायलं, भिंतीतून आरपार गेलं. कार्टून संपलं, पण नाना काही बाहेर येईना. चिमीनं जे भोकाड पसरलं! "आबा, नानाला काढा ना बाहेर!"

उखर्डूनं घाबरून मला फोन लावला. "मोतीलाल, पोरले सांग, तू बाहेर शेस."

"मी दुकानमा शे. काय व्हयनं?"

"सांग ना पटकन!"

मी सांगितलं. पुन्हा सांगितलं. शेवटी लिंबाच्या गोळ्यांची बरणी वाजवून दाखवली, तेव्हा पोर हुंदके देत थांबली.

उखर्डूनं मोबाईल सुनेच्या हातात दिला. "नको, सूनबाई. याना मझार कोनीच नही शे." मझार म्हणजे आत. "एवढ्याशा पोराला भीती वाटली तर हात लावून कुणाला बघायचं? जरा मोठी होऊ दे, भूत खोटं असतं हे कळू दे, मग दाखव खुशाल."

एवढं बोलून तो पिशवी आवरायला लागला. भोवाड्याचं नावही काढलं नाही. नवीन सांगतो, आबांनी एकाच सदऱ्याची पुन्हा पुन्हा घडी घातली.

डिंपल दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आबा, दुपारी मुखवटे हातात देतात ना, तेव्हा किती वाजता पोचायचं?"

आले सगळे. दुपारी चिमीनं वेताळाच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घातला. दिवेलागणीला सांबळ वाजलं, वेताळ उड्या मारत आला, पोरांची पळापळ. डिंपलनं लेकीला गच्च धरलं. पण चिमी उभीच राहिली आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशी ओरडली, "आई, आबांना दम लागलाय. पाणी दे."

सांबळवाला हसून वाजवायचं विसरला. डिंपल आपली बाटली घेऊन पुढे झाली. वेताळानं मुखवटा कपाळावर सरकवला आणि भर चौकात घटाघटा पाणी प्यायला.

शेवटच्या सोंगाचं मी परवा चक्कीवर मुद्दाम विचारलं. उखर्डू पिठातच बघत म्हणाला, "पुढल्या साली बघूत."