पूर्ण ऐकून तर घे

हिंदी मुलखातल्या आमच्या वसाहतीत, सेक्टर ६ मध्ये, पत्ता शोधणं सोपं. आधी सेक्टर, मग सडक, मग क्वार्टर नंबर. तशी सडकच नसली तर पोस्टमन तिथूनच सायकल वळवतो, घरोघरी कड्या वाजवत बसत नाही. मोबाइलवरच्या माझ्या शब्दखेळात मी शब्द असेच रचले होते. पहिल्या अक्षरातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं; खेळणाऱ्यानं लिहिलेल्या अक्षरापुढे वाट नसली की स्क्रीनवरची पाटी लगेच लाल. हजारो शब्दांमधून उत्तर चुटकीसरशी! अट एवढीच की यादी पक्की हवी. नंतर एखादा शब्द सुचला तर सगळी बांधणी नव्यानं करायची.

खेळ होता मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनासाठी. म्हणून एका रविवारी मी वही घेऊन मंडळात गेले आणि म्हटलं, "घरी बोलता ते शब्द सांगा." झालं! वही दिसताच सगळे एकदम शाळेत जाऊन बसले. शेजारचे काका नातवावर "ए पोट्ट्या, उतर खाली" म्हणून ओरडले आणि माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "मुलगा. मुलगा लिही." फल्ली खात खात काकूंनी 'शेंगदाणे' लिहायला लावलं. मीही शहाणी, लिहून घेतलं आणि यादी बंद केली.

संमेलनातल्या या खेळाच्या स्पर्धेत आईनं नाव दिलं तेव्हा मी उडालेच. मंडळात तिची जागा कायम चहाच्या पातेल्यापाशी, स्टेजवर ती कधी चढलीच नव्हती. आठ दिवस भाजी निवडताना शब्द पुटपुटत होती. ठेवणीतली साडी नेसून आली. दोन मिनिटांत जमतील तेवढे शब्द लिहायचे होते. तिनं 'पोट्टं' लिहायला घेतलं; 'पोट' झालं, पुढचं अक्षर जोडलं आणि पाटी लाल. 'फल्ली'चंही तेच. दोनदा असं झाल्यावर तिनं फोन खाली ठेवला आणि वेळ संपेपर्यंत हात मांडीवर घेऊन बसून राहिली.

घरी आल्यावर ती म्हणाली, "माही मराठी खोटी हाय का वं? अन् तुही मशीन पूर्ण ऐकून तं घेत नाई. अर्ध्यातच नाई म्हणते."

तीच तर त्या मशीनची हुशारी, असं मी सांगणार होते. पण मला सहावीतली गोष्ट आठवली. मैत्रिणी घरी आल्या होत्या. आई म्हणाली, "तुले काही खायले..." आणि मी तिला मध्येच तोडलं, "आई, 'तुला' म्हण ना!" त्या दिवसापासून माझ्या मैत्रिणींशी आई फक्त हिंदीत बोलते. माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी यादी मोडली. आई पालक निवडत बोलत राहिली, मी लिहीत राहिले. मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा बांधून फोन तिच्या हातात दिला. तिनं एकेक अक्षर दाबत 'पोट्टं' लिहिलं. पाटी हिरवी झाली. तिनं ते पुसून पुन्हा लिहून पाहिलं, मग 'फल्ली' लिहिलं, हसली.

फोन परत देताना तिनं विचारलं, "मंग आता तुह्या मैत्रिणी आल्या तं मी मराठीत बोलू?"