तीन नंबरचा मारुती

भिवंडीजवळच्या आमच्या वडप्यात काकाची चहा-आमलेटची टपरी होती, आणि तिला पाटी नव्हती. गरजच नव्हती. टपरीला लागून पिवळ्या डोक्याचा किलोमीटरचा दगड होता आणि त्यावर आग्रा रोडचा नंबर होता, तीन. ट्रकवाले एकमेकांना मोबाइलवर सांगायचे, "वडपे में तीन नंबर के पत्थर पे रुक, आमलेट खाते हैं." भिवंडी शहराला वळसा घालून बायपास झाला तेव्हा शहरातले हॉटेलवाले रडले. काका हसला. वडप्याला बायपास पुन्हा जुन्या रस्त्यालाच मिळत होता ना!

मग मी माती खाल्ली. तेव्हा मी कॉलेजात होते आणि पेपर मोठ्यानं वाचायची मला खोड. सगळ्या हायवेंचे नंबर बदलणार, आपला तीनही जाणार, असं मी वाचलं आणि काकाचा घास हातातच राहिला. "तीन गेला तर माझी टपरी कोनाला सापडंल?" त्याचे डोळे खरंच भरले. मला फार वाईट वाटलं, आणि थोडं हसूही आलं.

नवा नंबर घालणारे रंगवाले एकेक दगड रंगवत जवळ आले, तसा काकानं घरातून शेंदूर-तेल आणलं आणि आपला दगड वरपासून खालपर्यंत माखला. "देवाला कोन हात लावतंय!" कोणीच लावला नाही. रंगवाले पाया पडून पुढे गेले. तीन वाचला. फक्त शेंदराखाली गेल्यामुळे तो आता कोणाला दिसत नव्हता, हे काकाच्या ध्यानात संध्याकाळी आलं.

शनिवारी पहिला नारळ फुटला. दगड किलोमीटरचा आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण शेंदूर लागला की आमच्याकडे चौकशी संपते. पुढच्या शनिवारी रुईच्या माळा आल्या, आणि माझी आत्या, म्हणजे काकाची थोरली बहीण, कमरेवर हात ठेवून टपरीसमोर उभी राहिली. "मारुतीच्या नाकासमोर अंडी फोडतोस? लाज हाय का न्हाय?" शेंदराचं खरं सांगितलं तर गाव जोड्यानं मारणार, गप्प बसलं तर धंदा बुडणार. काका गप्प बसला आणि त्यानं टपरी उचलून अर्धा किलोमीटर पुढे न्यायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी तो दगडासमोर चपला काढून, डोळे मिटून उभा होता. मी कुजबुजले, "काका, शेंदूर तूच फासलास ना?"

"गप गं," तो डोळे न उघडता म्हणाला. "गिऱ्हाईक मागतोय."