थोरल्याची उष्टी पत्ती

भुजंगाच्या सनईशिवाय लग्न लागलं, तर वाटूरच्या म्हाताऱ्या बाया ते लग्न मानायला तयार नसत. गोष्ट निजामाच्या राजवटीतली. बँडबाजा तेव्हा परतूरपर्यंत पोचला होता, आणि तिथंच थांबला असता तरी कुणाचं काही अडलं नसतं. भुजंग अंगानं काटकुळा, पण गाल असे फुगवायचा की पोरं ते बघायलाच पुढं बसायची. रुसायचं कसं ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि कुणाला दुखवायचं कसं तेही नाही. या दुसऱ्या गुणानंच त्याला गोत्यात आणलं.

त्या उन्हाळ्यात त्याच्या हिरड्या सुजल्या. सनईच्या तोंडाशी ताडपानाची बारीक पत्ती असते. ती ओठांत घट्ट धरल्याशिवाय सूर निघत नाही, आणि धरली की रक्त यायचं. त्यात वैशाखात भाचीचं लग्न! तिथं मामाच वाजवणार, हे पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून ठरलेलं. तोंड गेलं की सनई खुंटीला लागणार, या काळजीनं भुजंगानं दवाखाना गाठला.

परतूरच्या फकरोद्दीन डॉक्टरांनी दातांवरचं कीटण खरवडलं आणि लाल दवा दिली. दोन-चार कण टाकले की पाणी जांभळं होई, त्याच्या चुळा भरायच्या. भुजंग इमानानं भरायचा. तोंड बरं व्हायचं, आणि एखादं लग्न वाजवून आला की हिरड्या पुन्हा टम्म.

"दवा कच्ची दिसती, साहेब," तो एकदा बोलून गेला.

डॉक्टरांचा पारा चढला. "दवा बिलकुल पक्की आहे! तू तोंडात काय काय घालतोस, ते सांग आधी."

तेव्हा पत्तीची गोष्ट निघाली. भुजंगाच्या घराण्यात पत्ती धूत नसत. लग्नात वाजवायला उभं राहिलं की थोरल्यानं ती स्वतःच्या तोंडात भिजवायची आणि तशीच धाकट्याच्या हाती द्यायची, तोच आशीर्वाद. थोरले म्हणजे चुलते रखमाजी. बापामागं भुजंगाला त्यांनीच वाढवलं, सनईही त्यांनीच शिकवली. त्यांच्या तोंडात उरलेसुरले दात होते, तेही किडलेले.

डॉक्टरांनी पत्तीवरचा मळ खरवडून सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर घेतला. भुजंगानं डोळा लावला तर खाली आठवडी बाजार भरलेला! काही काड्या, काही ठिपके, काही नुसतेच वळवळणारे. डॉक्टरांनी लाल दवेचा थेंब सोडला, तसा बाजार थंडावला.

"बघितलंस? दवा जंतू मारते. पण दातांच्या फटीत दडलेले वाचतात आणि पुन्हा वाढतात. त्यात तू या पत्तीवरून नवे पाहुणे बोलावतोस. मग दवा बिचारी काय करणार?"

भुजंगाला पटलं. पण काकांना सांगायचं कसं, की तुमच्या उष्ट्यानं माझं तोंड नासतंय? शेवटी तो एवढंच म्हणाला, "काका, डागदराकडं यंत्र आलंय. गंमत बघाया चला."

रखमाजींनी डोळा लावला आणि पागोटं सावरत ओरडले, "अरं, ही तर जत्रा भरून राह्यली! कुठली रं?"

"या पत्तीवरची," डॉक्टर म्हणाले. "पत्तीवर तोंडातून आली."

"मंग मारून टाका की समदी!"

"सगळी नाही मारायची, रखमाजी. काही आपल्या तोंडातली कायमची राहणारी. ती बदमाशांना जागा देत नाहीत."

"म्हंजी यांच्यातबी सोयरे अन् चोर हायतच!" म्हातारा खदखदून हसला. डॉक्टरांनाही हसू आवरेना.

परतीच्या वाटेवर मात्र रखमाजी पत्ती उलटसुलट बघत, जिभेनं आपले किडके दात चाचपत चालले. काका दुखावले, असं भुजंगाला वाटलं. भाचीच्या लग्नापर्यंत पत्तीचा विषय कुणीच काढला नाही.

मांडव गच्च भरला. रखमाजींनी पत्ती हातात घेतली. भुजंगानं मनाशी ठरवून टाकलं होतं, काकांनी उष्टी दिली तर उष्टी घ्यायची, हिरड्या गेल्या तर जाऊ देत.

रखमाजींनी तांब्यातलं कढत पाणी वाटीत ओतलं आणि पत्ती त्यात बुडवली. सोयरेमंडळी बघतच राहिली. एक म्हातारी बोललीच, "अगं बाई, आशीर्वाद धुतला की!"

"आशीर्वाद हातातबी असतो, आक्का." त्यांनी भुजंगाच्या डोक्यावर हात ठेवला आणि कानाशी वाकले. "आधी का न्हाई सांगितलंस रं? तुझं तोंड जाऊन राह्यलं, अन् तू माझी लाज राखून राह्यलास. म्या काय तुझा वैरी व्हतो?"

भुजंगाचे डोळे भरून आले. पण रडत रडत सनई वाजत नाही, दम तुटतो. म्हणून तो हसला, गाल फुगवले आणि असा सुटला की मंगलाष्टकांसाठी त्याला थांबवायला भटजींना दोनदा हात जोडावे लागले. शेजारी दुसऱ्या सनईवर नुसता सूर धरून बसलेल्या रखमाजींचाच दम आधी संपला. मग ते उरलेसुरले दात दाखवत सगळ्या मांडवाला सांगत सुटले, "माझं पोरगं हाय त्ये! माझं!"